फोटो जुळत नाही

बँकेच्या काउंटरमागे वीस वर्षे बसूनही मला मनुष्यस्वभावाबद्दल फारसे काही कळलेले नाही. एक गोष्ट मात्र कळली. माणसाची सही त्याच्याबरोबर म्हातारी होते, फोटो होत नाही. सही थरथरू लागते, तिची वेलांटी गळते, आडनाव अर्ध्यावरच धापा टाकत बसते. पण खात्यावरचा फोटो आपला 1995 सालातच कानांवर झुलपे सोडून हसत बसलेला असतो. समोर गृहस्थ रुमालाने टक्कल पुसत विचारतात, "साहेब, पेन्शन जमा झाली का?" मी एकदा फोटोकडे पाहतो, एकदा त्यांच्याकडे. नियमाप्रमाणे यांना बाहेर काढायला हवे. पण नियम पाळायचा म्हटला तर शाखेत फक्त शिपाई आणि पंखा उरेल.

आमच्या घराण्यात फॅशनचा शिरकाव माझ्या आत्यापासून झाला. 'लव्ह इन शिमला' 1960 साली आला आणि साधनाने आपले मोठे कपाळ झाकण्यासाठी पुढे सोडलेली ती झालर देशभर पसरत पसरत तेव्हाच्या चांद्यापर्यंत आली. साधनाला कापून द्यायला मुंबईचे कसबी हात होते. आत्याला आजीची शिवणकामाची कात्री होती. झालर डावीकडून वर चढत गेली, ती समान करता करता उजवीकडून वर गेली, आणि शेवटी कपाळ झाकण्याऐवजी होते त्याहून मोठे झाले. आजोबांनी तिला दोन महिने डोक्यावरून पदर घेऊन वावरायला लावले. घरी आलेल्या पाहुण्यांना ती मुलगी फार मर्यादशील वाटली आणि त्यातूनच तिचे लग्न जमले, असे आई अजून सांगते. आत्या ही हकिगत नाकारते, पण तिच्या लग्नाच्या एकाही फोटोत कपाळ दिसत नाही.

बाबांची गोष्ट जास्त गंभीर होती. ते वनखात्यात कारकून. स्वभावाने इतके सरळ, की टेबलावरची पट्टीसुद्धा त्यांना लाजावी. पण 1973 साल आले आणि या सरळ माणसाचे पाय गुडघ्यापासून खाली पसरायला लागले. त्या वर्षी मे महिन्यात 'जंजीर' आला, सप्टेंबरात 'बॉबी' आला. बाबांनी केस अमिताभकडून घेतले, गॉगल ऋषी कपूरकडून, आणि बेलबॉटम मात्र स्वतःच्या पगारातून. टेरिकॉटची, चॉकलेटी रंगाची, सव्वीस इंच घेराची. शिंपी म्हणाला होता, चोवीस पुरे. बाबा म्हणाले, कापड आमचे आहे.

या पँटला चंद्रपुरात एकच शत्रू होता, तो म्हणजे सायकलची चेन. शौकीन लोक घोट्याजवळ चिमटा लावत किंवा पँट मोज्यात खोचत. पण सव्वीस इंच घेर मोज्यात खोचला, की पायाला हत्तीरोग झाल्यासारखा दिसे. म्हणून बाबा चिमटा न लावता जात आणि एक दिवस भर बाजारात चेनने पँट धरली. बाबा पडले, पँट सुटली, पण उजव्या पायाच्या तळाशी ऑइलचा तळहाताएवढा डाग पडला. तो रॉकेलने गेला नाही, सोड्याने गेला नाही. आईच्या मते तो डाग म्हणजे त्या पँटची नमुना सही होती.

आता असा पूर्वेतिहास असलेल्या माणसाने मुलाच्या केसांबद्दल काही बोलू नये, ही माझी साधी अपेक्षा होती. 2003 च्या ऑगस्टमध्ये 'तेरे नाम' आला. मी बी.कॉम. होऊन नोकरीच्या परीक्षा देत होतो, म्हणजे केस वाढवायला वेळ भरपूर होता. मधोमध भांग, दोन्ही बाजूंनी डोळ्यांवर उतरणारे पडदे. सलमान खान त्यात फार दुःखी दिसतो. मीही दिसत असे, कारण केस तोंडात जाऊन पोह्यांबरोबर चावले जात. बाबा एक दिवस माझ्याकडे बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "पोट्ट्या, पडदे लावले ते ठीक, आत राहते कोण?"

मी निमूटपणे अल्बम आणून 1976 सालचा त्यांचा लग्नातला फोटो समोर ठेवला. कान दिसत नव्हते. कल्ले जबड्यापर्यंत उतरले होते. शर्टाची कॉलर इतकी लांब, की वारा आला असता तर नवरदेव मांडवातून उडाला असता.

"ते वेगळं होतं," बाबा म्हणाले.

प्रत्येक पिढीचे हे एकच वाक्य असते आणि ते दर वीस वर्षांनी परत वापरता येते. माझ्या मुलासाठी मीही ते जपून ठेवले आहे.

त्या पडद्यांसकट मी 2005 साली बँकेत लागलो. ओळखपत्रावर जो फोटो चिकटला तो तोच. पुढे केसांचे काय झाले हे वाणिज्य शाखेच्या मंडळींना चटकन कळेल. घसारा आकारण्याच्या दोन पद्धती आहेत. सरळ रेषेच्या पद्धतीत दर वर्षी सारखीच रक्कम जाते आणि मालमत्ता एक दिवस शून्यावर येते. घटत्या शिल्लकीच्या पद्धतीत उरलेल्यातला ठरावीक हिस्सा जातो, त्यामुळे ती शून्य कधीच होत नाही. नाममात्र काहीतरी शेवटपर्यंत उरते. माझे केस दुसऱ्या पद्धतीने गेले.

मध्यंतरी माझी बदली आलापल्लीला झाली. आणि 2014 च्या ऑगस्टअखेर जनधन योजना सुरू झाल्यावर, त्या दिवाळीनंतर, आम्हा तिघांना खाती उघडायला हेमलकशाकडे पाठवण्यात आले. साठेक किलोमीटरचा रस्ता. पेरमिली, ताडगाव मागे टाकत जंगलातून जीप चाललेली आणि माझ्या मांडीवर खाते उघडण्याच्या अर्जांनी भरलेली चॉकलेटी टेरिकॉटची पिशवी. होय, तीच. आईने बेलबॉटमची फॅशन गेल्यावर ती पँट गुडघ्यापासून कापून तिच्या दोन पिशव्या केल्या होत्या. एका पायाची एक. तळ शिवला, वर बंद लावले, झाले. सव्वीस इंच घेरात पाच किलो कांदे आरामात मावत, आणि टेरिकॉट असे, की आपण संपू पण ते संपायचे नाही. मी घाईत खुंटीवरची पहिली हाताला लागली ती उचलली होती. ती डाव्या पायाची निघाली.

जीपमध्ये माझ्या डोक्यात एक हिशेब सुरू झाला. 1973 साली बाबा चंद्रपुरात शिंप्यासमोर पाय फाकवून उभे होते. त्याच वर्षी 23 डिसेंबरला बाबा आमट्यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. गडचिरोली जिल्हा 1982 साली वेगळा झाला. तेव्हा हे सारे आमच्याच चंद्रपूर जिल्ह्यात होते. म्हणजे एका टोकाला कापड सव्वीस इंचांनी वाढत होते, आणि दुसऱ्या टोकाला डॉ. प्रकाश आमटे माडिया गोंडांच्या अंगावर थंडीतही पुरेसे कापड नाही हे पाहून स्वतःचे कपडे कमी करत होते. बनियन आणि हाफ पँट. एवढ्यावर ते जे थांबले, ते थांबलेच. बेलबॉटम गेली, बॅगी आली, बॅगी गेली, जीन्स फाटकी झाली. ती हाफ पँट आहे तिथेच.

मजा बघा. आमच्या सगळ्या फॅशनी सिनेमातून गावात आल्या. ही एकच अशी, की गावातून सिनेमात गेली. त्याच ऑक्टोबरात नाना पाटेकर पडद्यावर बनियन घालून प्रकाश आमटे झाले होते. सिनेमा पाहून लोक रडले, मीही रडलो. पण दुसऱ्या दिवशी चंद्रपुरातल्या एकाही शिंप्याकडे कोणी जाऊन "तशी हाफ पँट शिवा" म्हणाल्याचे ऐकिवात नाही. मी स्वतः तर हेमलकशाला निघालो तो नवे जाकीट घालून.

शिबिरात आमच्याबरोबर एक फोटोग्राफर होता. त्याच्याकडे पांढरी चादर, आरसा आणि एक सार्वजनिक कंगवा. फोटोआधी प्रत्येकाच्या हातात तो कंगवा द्यायचा. एका म्हातारीने तो घेतला, उलटसुलट पाहिला आणि परत दिला. तिच्या अंबाड्यात तिचा स्वतःचा लाकडी कंगवा खोचलेला होता, आणि आमच्या प्लास्टिकपेक्षा कितीतरी देखणा. इंद्रावतीपलीकडे बस्तरातल्या मुरिया गोंडांबद्दल व्हेरियर एल्विनने 1947 साली जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात या कंगव्यांची मोठी हकिगत आहे. मुलगा लाकूड कोरून कंगवा करतो आणि आवडत्या मुलीला देतो. आमच्या कॉलेजात मी एखाद्या मुलीला कंगवा दिला असता, तर तिने आधी माझ्या पडद्यांकडे पाहून तो मलाच परत केला असता. तात्पर्य काय, केशभूषा त्यांना शिकवायला आम्ही गेलो नव्हतो, हे बरे झाले.

दुपारी एक वृद्ध गृहस्थ समोर येऊन बसले. "जोहार" झाला. आश्रमशाळेत शिकलेला एक तरुण दुभाष्याचे काम करत होता. म्हाताऱ्यांनी मतदार ओळखपत्र पुढे केले. त्यातल्या फोटोत दाट काळे केस, मागे बांधलेले. समोर बारीक कापलेले पांढरे खुंट. माझ्यातला वीस... नाही, तेव्हा नऊ वर्षांचा बँक कर्मचारी जागा झाला.

"फोटो जुळत नाही," मी म्हणालो.

तरुणाने ते माडियात सांगितले. म्हाताऱ्यांनी मान डोलावली. मग पुढे वाकून माझ्या गळ्यात लोंबणारे ओळखपत्र दोन बोटांत धरले, लांब नेले, जवळ आणले, माझ्या डोक्याकडे पाहिले, परत कार्डाकडे पाहिले, आणि काहीतरी बोलले. रांगेतली सगळी माणसे खो खो हसू लागली. मघाची म्हातारी तर कंगव्यासकट हलत होती.

"काय म्हणाले?"

"ते म्हणतात," तरुण हसू दाबत म्हणाला, "ह्या केसवाल्या साहेबांना पाठवा. आम्ही त्यांच्याकडेच खातं उघडतो."

मीही हसलो, दुसरे काय करणार? पण म्हातारे हसत नव्हते. त्यांनी आणखी काही विचारले, हलक्या आवाजात.

"ते विचारतात, ताप येऊन गेला का? तापात असे केस जातात. इथे दवाखाना आहे, दाखवून घ्या म्हणतात."

माझे केस गेल्यापासून लोकांनी मला तेले सांगितली, कांद्याचा रस सांगितला, टोप्या सुचवल्या. 'आजारी होतास का' असे विचारणारा तो पहिला माणूस. मी जाकिटाची चेन वर ओढली, खाली केली. मग खाते उघडले. अंगठा घेतला. त्यांना कागद ठेवायला काही नव्हते. कमरेच्या वस्त्राला खिसा नव्हता. मी अर्ज बाहेर काढले आणि पिशवी त्यांना दिली. त्यांनी तिचे कापड चिमटीत धरून ओढून पाहिले. शिंप्याने पाहिले असते तसे. पसंत पडले असावे.

घरी आल्यावर आईने पिशवी मागितली. मी खरे सांगितले. ती चिडणार तेवढ्यात आतून बाबा म्हणाले, "एक पाय चंद्रपुरात, एक पाय हेमलकशात? जाऊ दे. घेरच तेवढा होता आपला." आणि त्या दिवशी ते जेवताना दोनदा आपल्याशीच हसले.

बाबा 2019 साली गेले. ओळखपत्रावरचा फोटो मी आता बदलला आहे. गेल्या डिसेंबरात माझा मुलगा, जो एका बाजूने डोके भादरून दुसऱ्या बाजूला कोंबडा ठेवतो, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी सत्तरच्या दशकातला पोशाख शोधत होता. त्याने अल्बम उघडला, लग्नातला फोटो पाहिला आणि ओरडला, "आजी! आजोबांची ही पँट कुठे आहे?"

आईने उठून खुंटीवरची पिशवी काढली. कांदे परातीत ओतले. पिशवी दोनदा झटकली आणि त्याच्या हातात दिली. त्याने ती पायाला लावून पाहिली. तळाशी चेनचा डाग तसाच होता.

"यात पाय कसा जाईल? खाली शिवलेलं आहे."

आई चष्मा लावून बसली आणि स्वतःच घातलेली ती शिवण सुईच्या टोकाने एकेक टाका करत उसवू लागली.

"आणि दुसऱ्या पायाला?" त्याने विचारले.

"दुसऱ्या पायाला हाफ पँट," मी म्हणालो.