कानातला सोबती

हॉस्टेलवर कुणी बाईक जपतं, कुणी गिटार. मी इअरफोन जपते! एटिमॉटिकचे ईआर-४. हे मॉडेल १९९१ साली आलं, माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. आधी मामाने वर्षानुवर्षं वापरले, आता तीन वर्षं माझ्याकडे आहेत. बास कमी म्हणून रूममेट नाक मुरडते. पण तानपुऱ्याची प्रत्येक तार वेगळी ऐकू येते, त्याचं काय? मी पडले कॉन्व्हेंटवाली. 'ल' आणि 'ळ'मधला फरक मला खरा कळला तो यावर लतादीदींची मराठी गाणी ऐकून!

देखभाल म्हणाल तर सोपी. टिप्स धुवायच्या, मळाने बुजलेले बारीक फिल्टर बदलायचे, वायर ओढायची नाही. बस्स!

आत 'बॅलन्स्ड आर्मेचर' असतं. कॉईलमधल्या करंटमुळे चुंबकांमधली इवलीशी पट्टी हलते आणि आवाज होतो. श्रवणयंत्रातही हेच तंत्र. आजोबांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे मी लावतो ते माणसं ऐकू यावीत म्हणून, आणि तू लावतेस ती येऊ नयेत म्हणून!"

तेव्हापासून घरी गेले, की आजोबा त्यांचं यंत्र लावतात आणि मी माझं काढून ठेवते.