अमानतीची सायकल

बदलापूर स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की थोड्याच अंतरावर मांजर्ली लागते. जुनं गाव आता इमारतींच्या दाटीत शोधावं लागतं. पहाटे चारपासून लोकल गाठायला निघालेल्या माणसांची पावलं वाजू लागतात आणि रात्री बारापर्यंत परतणाऱ्यांची. आमचं घर इथेच, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. आम्ही म्हणजे बाप आणि लेक. एक कल्याणच्या उर्दू शाळेत मास्तर, दुसरा अकरावीत. या हकिगतीत जिथे ‘आम्ही’ येईल, तिथे वाचकांनी दोघांनाही धरावं.

बदलापूर या नावाची एक गोष्ट इथली जुनी माणसं सांगतात. शिवकाळात या वाटेने जाणारे स्वार इथे थकलेले घोडे बदलून ताजे घेत, म्हणून हे बदलापूर. खरंखोटं इतिहासकार जाणोत. आमच्या घरी मात्र दोन वर्षं एक परका घोडा बांधलेला होता, त्याची ही हकिगत.

आपाचा मुलगा, म्हणजे आमचा भाचा, पुण्यात नोकरीला होता. तिथे त्याला डोंगरात सायकल चालवायचा नाद लागला. पगारातले पैसे साठवून त्याने कार्बनची, पुढे-मागे दोन्हीकडे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक घेतली. पुढे मस्कतला नोकरी लागली तेव्हा तो ती आमच्याकडे घेऊन आला. म्हणाला, “मामू, दोन वर्षं सांभाळा. नुसती उभी ठेवलीत तर शॉकची रबरं सुकतील, तेव्हा चालवत राहा. परत आलो की विकायची आहे. निकाहच्या खर्चाला तेवढाच हातभार.” किंमत विचारली तर नवी तीन लाखांच्या पुढची होती. आपाने जाताना एकच वाक्य म्हटलं, “अमानत आहे, जपा.” आपल्या घरांत या शब्दाचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पहिलं नवल वजनाचं वाटलं. आमची जुनी लोखंडी सायकल खांद्यावर घेऊन तीन मजले चढायचं म्हणजे दोनदा थांबावं लागे. ही साडेतेरा किलोची, पोरगा एका दमात वर नेई. कार्बनची फ्रेम म्हणजे काय, तेही तेव्हाच कळलं. कार्बनचे केसाहून बारीक धागे कापडासारखे एकावर एक थरांत मांडतात, त्यांत इपॉक्सी हा चिकट राळेसारखा पदार्थ मुरवतात आणि साच्यात दाबून, तापवून कडक करतात. जिथे जोर जास्त येणार तिथे थर जास्त आणि धाग्यांची दिशाही तशीच. म्हणून ती हलकी असूनही मजबूत.

पुढचा फोर्क दीडशे मिलिमीटर दबे, मागचं चाक एकशेचाळीस. चालवणाऱ्याच्या वजनाप्रमाणे शॉकमध्ये हवा भरावी लागे. त्यासाठी लहानसा वेगळा पंप भाच्याने दिला होता. नुसतं बसल्यावर शॉक आपल्या एकूण मापाच्या पाव ते तीस टक्के दबायला हवा. त्याहून कमी दबला तर चाक दगडावरून उड्या मारतं, जास्त दबला तर मोठ्या खड्ड्यात तळाला आपटतो. बाप आणि लेकाच्या वजनात वीस किलोंचा फरक, त्यामुळे दर खेपेला हवा बदलणं आलंच. टायरला ट्यूब नव्हती. आत दुधासारखं सीलंट, बारीक काटा घुसला तर ते स्वतःच भोक बुजवी. बाभळीच्या आणि बोरीच्या मुलखात याहून मोठं सुख नाही.

हा खेळ काही फार जुना नाही. 1970च्या दशकात अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात, मरिन काउंटी नावाच्या भागात काही तरुण पोरं जुन्या जाड टायरच्या सायकली घेऊन मातीच्या डोंगरवाटांवरून खाली सुटू लागली. 1976 मध्ये त्यांनी अशा एका उतारावर शर्यतीही सुरू केल्या. उतार इतका तीव्र की मागच्या चाकातल्या ब्रेकचं ग्रीस तापून जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावं लागे. त्यावरूनच त्या वाटेला ‘रिपॅक’ नाव पडलं. वीस वर्षांत, 1996च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये, हा खेळ पोहोचला. आपल्याकडे ऑक्टोबर 2023 मध्ये केरळातल्या पोनमुडीला आशियाई माउंटन बाइक स्पर्धा झाल्या. आमच्या पोराने त्यांची चित्रफीत इतक्या वेळा पाहिली की त्याच्या अम्मीने मोबाइल कपाटात ठेवला.

आमचा दिवस रविवार. फजरची नमाज झाली की निघायचं. मांजर्लीतून उल्हास नदीच्या पुलावर येईपर्यंत उजाडू लागायचं. थंडीत नदीवर धुकं असतं आणि पलीकडचा काठ दिसत नाही. ही नदी राजमाचीच्या दरीतून निघते, कर्जत, नेरळवरून आमच्याकडे येते. थंडीतली ही गरीब नदी पावसाळ्यात काय करते, ते आम्ही पाहिलेलं आहे. 2019च्या 27 जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. तेव्हापासून पुलावरून जाताना नजर आपोआप पाण्याच्या पातळीकडे जाते.

पूल सोडला की मुळगावकडचा रस्ता. डोंगरावर खंडोबाचं देऊळ, पुढे एमआयडीसीच्या बारवी धरणाकडे जाणारा झाडीतला रस्ता. तिथे डांबर सोडून गुरांच्या वाटेला लागायचं. पावसाळ्यात आम्ही या बाजूला फिरकत नाही. बारवी काय आणि पूर्वेकडचं कोंडेश्वर काय, दर वर्षी कुणाचं तरी पोर पाण्यात जातं आणि मग बंदीचे फलक लागतात. फलक लागण्याची वाट कशाला पाहायची? आमचा मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. भातं कापून झालेली, बांध कोरडे, करवंदीच्या जाळ्या धुळीने माखलेल्या. वाट आधी मुरमाची, मग सुट्या गोट्यांची आणि शेवटी काळ्या पाषाणाच्या पायऱ्यांची. सगळ्यात फसवी सागाची पानं. वाळून ताटाएवढी पसरलेली असतात आणि त्यांच्याखाली दगड आहे की खड्डा, ते कळत नाही.

उतारावर शिकलेल्या चार गोष्टी सांगतो. बसायचं नाही, दोन्ही पॅडल एका पातळीत ठेवून उभं राहायचं, गुडघे आणि कोपरं सैल. ब्रेक वळणाच्या आधी लावायचा, वळणात नाही. पुढचा ब्रेक जास्त कामाचा, पण तो एका बोटाने आणि हळूहळू. आणि चौथी, सगळ्यात अवघड गोष्ट: ज्या दगडाची भीती वाटते त्याच्याकडे पाहायचं नाही. नजर जिथे, चाक तिथे. दगडाकडे पाहिलं की सायकल नेमकी त्याच्यावरच जाते. पाहायचं ते पुढच्या मोकळ्या जागेकडे.

त्या वाटेवर आमच्यासारखे हौशी कमी. ती वाट खरं तर पाड्यावरच्या बायकांची, डोक्यावर लाकडांची मोळी घेऊन उतरणाऱ्यांची. त्या दिसल्या की आम्ही उतरून सायकल झाडीत घ्यायचो. वाटेवर पहिला हक्क डोक्यावर ओझं असलेल्याचा. त्यांतली एक मावशी पुढे पुढे ओळखीची झाली. एकदा तिने सायकलवर हात फिरवून विचारलं, “केवढ्याला रं ही?” आम्ही एकमेकांकडे पाहिलं. खरी किंमत तिच्यासमोर सांगवेना. “जुनी आहे मावशी, पंधरा हजार,” असं म्हटलं. ती म्हणाली, “तेवढ्यात शेरडं आली असती चांगली दोन-तीन.” हसून पुढे गेली. आम्ही मात्र बराच वेळ बोललो नाही.

दुसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीतली गोष्ट. त्याच वाटेवर दीड-दोन फुटांची एक पायरी होती. डझनभर वेळा उतरलेली. त्या दिवशी पुढचं चाक पानांखालच्या फटीत अडकलं. एक जण हँडलवरून करवंदीत गेला. कोपर सोललं, दोन काटे निघाले, बाकी अल्लाहचा करम. सायकल मात्र दगडावर घसरत खाली गेली. उचलून पाहिली तर खालच्या मोठ्या नळीवर रुपयाच्या नाण्याएवढा ओरखडा. बाकी सगळं जागच्या जागी. चालवतच घरी आणली.

संध्याकाळी पोराने कुठेतरी वाचलेला उपाय करून पाहिला. नाणं घेऊन नळीवर हलकेच ठोकत जायचं. टक, टक, टक असा खणखणीत आवाज येत होता. ओरखड्यापाशी आला तेव्हा ‘ठप’ झाला. पुन्हा ठोकलं, पुन्हा ठप. नखाला एक केसाएवढी रेघ लागली.

लोखंडाला मार बसला की ते वाकतं, पोचा पडतो, सगळ्यांना दिसतं. कार्बनचं तसं नसतं. वरून जेमतेम ओरखडा आणि आत थर एकमेकांपासून सुटलेले. अशी फ्रेम आणखी वर्षभर चालेल किंवा पुढच्याच उतारावर तुटेल. तुटताना ती आधी सूचना देईलच, याची खात्री नाही.

भाचा तीन महिन्यांनी येणार होता. ठाण्याच्या एका गृहस्थांशी त्याचं बोलणंही झालेलं, त्यांना मुलासाठी सायकल हवी होती. रात्री जेवणं झाल्यावर आमच्यापैकी एकाने म्हटलं, “तिथे एखादं स्टिकर लावलं तर?” दुसरा गप्प राहिला. गप्प राहणं हेही एक प्रकारे हो म्हणणंच असतं. कुणी म्हटलं आणि कोण गप्प होता, ते लिहिण्यात अर्थ नाही. दोन रात्री सायकल भिंतीला टेकून उभी होती आणि आम्ही तिच्याकडे पाहणं टाळत होतो.

तिसऱ्या दिवशी आमच्या अम्मींच्या लक्षात आलं. सत्तरीच्या वर वय, सायकलमधलं काही कळत नाही. सगळं ऐकून म्हणाल्या, “वस्तू ज्याची, त्याला आधी कळायला हवं. आणि तो ठाण्याचा मुलगा काय कुणाचा कोणी नाही? रात्री कशाला घालवल्या?”

मस्कतचं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे. तिकडची इशा होईपर्यंत थांबलो आणि फोन लावला. सलाम-दुआ झाल्यावर सरळ सांगून टाकलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग भाच्याने विचारलं, “कुणाला लागलं का?”

“नाही.”

“चालवत कोण होतं?”

“आम्ही.”

“दोघं एका सायकलवर?” तो म्हणाला आणि हसला. त्या हसण्याने आमच्या छातीवरचा धोंडा उतरला, नुकसान मात्र उतरलं नाही.

कार्बनची दुरुस्ती होते, हे तेव्हा कळलं. पुण्यात ते काम करणारा एक कारागीर भाच्याच्या माहितीत होता. ओळखीच्या टेम्पोतून सायकल नेली. त्याने मार लागलेले थर घासून काढले, कडा हळूहळू उतरत्या केल्या, मूळ धाग्यांच्या दिशेने नवे थर बसवले, राळ भरून उष्णता दिली. शेवटी विचारलं, “मूळ रंगासारखा रंग देतो, कुणाला कळणार नाही.” आम्ही म्हटलं, कळायलाच हवं. मग त्याने रंगाऐवजी पारदर्शक थर दिला. त्यातून नव्या विणीचा ठिगळ स्वच्छ दिसत होता. अठरा हजार झाले. काही शिकवणीच्या पैशांतून गेले, काही पोराने मोबाइलसाठी साठवलेल्यांतून. त्याने ते स्वतः आणून दिले, आम्ही मागितले नव्हते.

भाचा मे महिन्यात आला. ठाण्याचे गृहस्थ मुलाला घेऊन मांजर्लीला आले. चहाच्या आधी आम्ही सायकल उलटी करून ठिगळ दाखवला, पडल्याची जागा आणि कारण सांगितलं, कारागिराची पावती पुढे ठेवली. त्यांनी स्वतः नाणं घेऊन ठोकून पाहिलं. टक, टक, सगळीकडे एकसारखं. “दुसऱ्या दोन ठिकाणी पाहिल्या,” ते म्हणाले, “त्या कधी पडल्याच नाहीत म्हणे. डोंगरातली सायकल आणि कधी पडलीच नाही?” ठरल्यापेक्षा पस्तीस हजार कमी करून त्यांनी ती घेतली. ते पस्तीस हजार आम्ही भरून देणार होतो. भाच्याने निम्मेच घेतले. “चालवा असं मीच म्हटलं होतं ना मामू?” बाकीचे त्याच्या निकाहच्या आहेरात कसे घालायचे, ते आपाला न कळवता आम्ही ठरवून ठेवलं आहे.

आता रविवारी आम्ही जुन्या लोखंडी सायकलवर आणि एका भाड्याच्या सायकलवर निघतो. पायरीपाशी उतरून चालत जातो. नदीवरचं धुकं तेच आहे. मागच्या थंडीत मावशी भेटली. मोळी खाली टेकवून म्हणाली, “ती काळी कुठं गेली?”

“विकली मावशी. आणि ती पंधरा हजारांची नव्हती. तीन लाखांची होती.”

तिने आमच्याकडे, मग त्या वाटेकडे पाहिलं. “आन ती घेऊन हितं पडत होतात?” ती म्हणाली. “इकली ते बरं केलंत.” आम्ही मोळी उचलून तिच्या डोक्यावर ठेवायला हात लावला आणि ती उतार उतरू लागली, दगडांकडे न पाहता.