माळवद उतरवल्यावर

10 जुलै 2024. सकाळचे सव्वासात. गॅसवर चहा उकळत होता. फळीवरचे डबे थरथरले आणि माळवदाच्या किलचणांतून मातीची बारीक धार थेट पातेल्यात उतरली. "बाहेर हो माय, बाहेर!" आत्याबाई ओरडल्या. धक्का 4.5 चा, केंद्र कळमनुरी तालुक्यात रामेश्वर तांड्याजवळ. 21 मार्चलाही पहाटे सहाच्या पुढं तेवढाच बसला होता आणि अकरा मिनिटांत 3.6 चा दुसरा. पांगरा शिंदेकडच्या जमिनीतल्या आवाजांच्या गोष्टी आम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलो होतो, पण पातेल्यात माती पडली तेव्हा यांनी ठरवलं, माळवद उतरवायचं.

मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनानं पत्र्यांवर ठेवलेले दगड काढायला सांगितलं होतं. आमच्यावर दगड नव्हते, दीड-दोन फूट माती होती. गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात वर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, जुना कुणी काढायचा नाही. सासऱ्यांनी दिला, त्यांच्या वडलांनी दिला. उन्हाळ्यात घर गार राहायचं ते त्याच मातीनं. किल्लारीला 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटेच्या भूकंपात माणसं मेली तीही अशाच मातीच्या आणि दगडी भिंतींच्या ओझ्याखाली, विसर्जनाहून येऊन झोपलेली. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण डोक्यावरचं वजन कोण मोजतं?

पावसाळ्यात माळवद उघडता येत नाही, म्हणून दिवाळी होऊ दिली. मग हिंगोलीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. तिथं नळ होता, फरशी होती, आणि आत्याबाईंना दिवस सरत नव्हता. म्हशीकडं कोण बघतंय, हळदीला पाणी कोण देतंय, हेच. समोरच्या सोप्याचा स्लॅब पडला, सेंट्रिंग निघालं, तशा त्या म्हणाल्या, "मी चालले. तुमचं तुम्ही बघा." मागं स्वयंपाकघराच्या जागी अजून नुसत्या विटा होत्या. तरी गेलो सगळेच.

गॅस ढेळजेत मांडला, न्हाणीला ताडपत्री लावली. पहाटे म्हैस, मग भिंतींवर पाणी मारणं, मग डबे. साडेनवाला मी शाळेकडं. पोळीत कचकच लागायची, तीवर कुणी बोलायचं नाही. अडचण झाली ती हाताची. काडीपेटी देवळीत असायची, चुलीच्या उजव्या अंगाला, खांद्याच्या उंचीवर. लाइट गेली की हात आपोआप तिकडं जायचा आणि गार विटेला लागायचा. मिस्त्रीला म्हटलं, एक देवळी ठेवा. तो हसला, "दोन फुटी भिंत होती तुमची बाई. सहा इंचीत देवळी कुठं बसवू?" काडीपेटी आता मी पदराला बांधल्यासारखी सोबत घेऊन फिरते आणि रोज हरवते.

आत्याबाई मात्र स्लॅबखाली झोपेनात. माळवद निदान आपलं होतं, हे कशावर उभं आहे कुणास ठाऊक, असं त्यांचं म्हणणं. बाज अंगणात. काँक्रीटचा मिक्सर सुरू झाला की त्या दारात, ड्रिल लागलं की अंगणात. सुरुवातीला मीही त्यांच्या मागं. आम्ही असे दचकतो, आणि तिकडं औंढ्याजवळ दुधाळ्याला लायगोची वेधशाळा होतेय. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, ताऱ्यांच्या टकरीनं उठलेला अणूपेक्षाही बारीक थरकाप टिपणाऱ्या. आमच्याच जिल्ह्याची जमीन त्यासाठी पुरेशी शांत ठरली. हे मी वर्गात सांगते तेव्हा पोरं खुदकन हसतात.

पौषातल्या थंडीनं आत्याबाईंची बाज अखेर सोप्यात आली, दाराला चिकटून.

परवा सकाळी चहा ठेवला होता. कपबश्या किणकिणल्या. पायाखालची फरशी हलली, अगदी खरी. मी गॅसकडं वळले, आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या. गल्लीतून ट्रॅक्टर गेला, माळवदाची शेवटची ट्रॉली घेऊन. ती माती आता हळदीच्या वावरात पडायलीय.

"उतू चालला की," आत्याबाई म्हणाल्या. जागच्या हलल्या नाहीत.