सुतक नसलेली दुःखं

आमच्या शेळगावात माणूस गेलं की पुढं काय करायचं, हे कोणाला शिकवावं लागत नाही. शेजारून पिठलं-भाकरी येते. तिसऱ्या दिवशी सावडणं, मग दहावा, मग तेरावा. तेवढे दिवस त्या घराकडून कोणी कसलीच अपेक्षा ठेवत नाही. रडलं तरी चालतं, भिंतीकडे बघत बसलं तरी चालतं. दुःखाला जागा असते आणि मुदतही असते.

पण नोकरी गेली तर? बाग गेली तर? त्याला सुतक नाही.

२०२३ च्या शेवटी आमच्या घरात दोन्ही पाठोपाठ घडलं. आधी अण्णांनी तेल्या रोगानं संपलेली अडीच एकर डाळिंबाची बाग जेसीबी लावून काढली. महिन्याभरानं माझ्या कंपनीनं पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये आमची अख्खी टीम कमी केली. लॅपटॉप कुरिअरनं परत पाठवला, पुण्यातली रूम सोडली आणि मी गावी आले.

लोक भेटायला आले, पण सल्ले घेऊन. अण्णांना म्हणाले, "ऊस लावा, डोक्याला ताप नाही." मला म्हणाले, "बँकेच्या परीक्षा दे." आणि सगळ्यात जास्त वेळा, "बरंच झालं, आता लग्नाचं बघा."

१९६७ साली होम्स आणि राहे या दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांना गुण दिले होते. त्या घटनेशी जुळवून घ्यायला माणसाला किती कष्ट पडतात, त्याचे. जोडीदाराचा मृत्यू १००. नोकरीवरून काढलं जाणं ४७. आणि लग्न ५०! म्हणजे सत्तेचाळिसाच्या दुखण्यावर गाव मला पन्नासाचं औषध सुचवत होतं. गंमत सोडा, पण त्या यादीत चांगल्या गोष्टीही आहेत हे महत्त्वाचं. बदल चांगला असो की वाईट, तो पचवावा लागतोच.

त्याच आठवड्यात आईनं फवारणीची औषधं शेडमधून काढून लोखंडी पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. का, हे कोणी विचारलं नाही. अण्णा महिनाभर जेवणापुरतं बोलत होते.

मैत्रिणीनं मला एका समुपदेशक बाईंचा नंबर दिला. रेंज नीट येते ती विहिरीजवळच्या लिंबाखाली, म्हणून आमची सेशन्स तिथं झाली. पहिली दोन सेशन्स मी वाट बघत होते, की आता त्या सांगतील काय करायचं ते. त्यांनी काहीच सांगितलं नाही. विचारलं, "पगार सोडून अजून काय काय गेलं?" मी मोजायला लागले. सकाळचा पावणेदहाचा स्टँड-अप. शुक्रवारचा टपरीवरचा चहा. 'काय करतेस?' याचं दोन शब्दांचं उत्तर. यादी संपेपर्यंत मी रडत होते, आणि सल्ला न देणं हेच त्यांचं काम आहे हे मला कळलं होतं.

त्यांच्याकडूनच विल्यम ब्रिजेस यांचं म्हणणं समजलं. बदल एका दिवसात होतो, पण माणूस आतून तीन टप्प्यांत बदलतो: आधी जुन्याचा शेवट, मग अधांतरी मधला काळ, मग नवी सुरुवात. आपल्याला घाई असते ती थेट तिसऱ्यावर उडी मारायची.

अण्णांना मी म्हटलं, तुम्हीही एकदा बोला. "मी काय येडा झालोय का?" विषय संपला. मग एकदा मोकळ्या रानाच्या बांधावर मी नुसतं विचारलं, "अण्णा, बागेतलं काय आठवतं?" पैशांबद्दल ते बोललेच नाहीत. म्हणाले, "रात्रीची लाइट आली की अजून जाग येते. मोटर चालू करायला उठतो, मग आठवतं." माझा स्टँड-अप आणि त्यांची मोटर, दोन्ही एकच होतं. मी त्यांना तीन टप्पे सांगितले. मधल्या काळापाशी ते थांबले. "म्हणजे ताण," म्हणाले. बहार धरायच्या आधी डाळिंबाचं पाणी तोडतात. पानं गळतात, झाड मेल्यासारखं दिसतं. "पण ताण मोजून द्यावा लागतो. जास्त झाला तर झाड जातं."

तो मोजायला कोणीतरी लागतं. ते दर वेळी मोठ्या शहरातले डॉक्टरच असतील असं नाही. गोव्यात 'संगाथ' या संस्थेनं साध्या, प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांचं समुपदेशन करून घेतलं. सहा ते आठ भेटी. तत्त्व साधं: मन बरं होण्याची वाट न बघता एखादं छोटं, अर्थ असलेलं काम ठरवायचं, मन मागून येतं. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली छापलेल्या या अभ्यासात तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. ते न मिळालेल्यांत हे प्रमाण ३९ टक्के होतं.

प्रत्येक दुःख म्हणजे आजार नव्हे. पण झोप उडाली, जगण्यात अर्थ नाही असं वाटायला लागलं, तर थांबू नये. ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही सरकारी हेल्पलाइन आहे. नंबर १४४१६. फोन फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलता येतं. आमच्या फ्रिजवर तो नंबर आईनं चिकटवलाय.

मला जूनमध्ये नवं काम मिळालं, आधीपेक्षा कमी पगाराचं. अण्णांनी ते रान यंदा पड ठेवलंय. पारावर कोणी विचारलं तर सांगतात, "यंदा विसावा." रान पड ठेवण्याला कोणी आळस म्हणत नाही, म्हणून पुढचा प्रश्न येत नाही. आईच्या कमरेची किल्ली मात्र अजून तिथंच आहे. ती काढ, असं आम्ही म्हणत नाही. तिला कोणीच विचारलं नव्हतं, की या सगळ्यात तुझं काय काय गेलं. आता मी विचारते. ती भाकरी थापता थापता थोडं थोडं सांगते.