तिसरें नांव

पांडवांचीं नांवें मोजूं लागलें म्हणजे धर्म, भीम, अर्जुन हीं तीन प्रत्येकाच्या तोंडून ठासून बाहेर पडतात. नकुल आणि सहदेव मात्र एका दमांत, जोडीनेंच उरकले जातात. स्मरणशक्तीची ही जुनी खोड आहे. पंक्तींतल्या पहिल्या कांहीं पाहुण्यांना ती आग्रह करकरून वाढते. शेवटच्या पानावर काय पडलें याची चौकशी करीत नाहीं.

1967 सालीं ‘कॉल ऑफ द व्हॅली’ नांवाची एक ध्वनिमुद्रिका निघाली. ज्या मराठी घरांत थोडेंबहुत संगीत शिरलेलें आहे तेथें ती तबकडीच्या, कॅसेटच्या किंवा आतां मोबाइलच्या रूपानें बहुधा सांपडतेच. काश्मीरच्या एका मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांतून उभा करावयाचा, ही तिची कल्पना. अहीर भैरवानें उजाडतें आणि पहाडीनें दिवस संपतो. ती काढण्यामागें एच. एम. व्ही. कंपनींतले जी. एन. जोशी होते, भावगीतगायक म्हणून महाराष्ट्रानें त्यांना पूर्वींच डोक्यावर घेतलें होतें. तबल्यावर माणिकराव पोपटकर. संतुरावर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया, आणि... येथें बहुतेकांची जीभ अडखळते.

माझ्या मामांकडे ही तबकडी होती. रविवारीं सकाळीं स्नान आटोपल्यावर ते ती मोठ्या सोंवळ्यानें बाहेर काढीत, मऊ फडक्यानें पुशीत आणि मग लावीत. आम्हां मुलांना त्या वेळीं हलण्याचीहि बंदी असे. एखाद्या पाहुण्यानें ‘वाजवितात कोण?’ असें विचारलें कीं मामा सांगत, ‘शिवकुमार, हरिप्रसाद, आणि ते एक गिटारवाले आहेत.’ ते एक गिटारवाले! वेष्टनावर नांव स्वच्छ छापलेलें होतें: ब्रिजभूषण काब्रा. मामांच्या मनांत कोणाचा अपमान करावयाचें नव्हतें. गिटारीच्या मागें एखादें नांव असूं शकतें आणि त्या नांवाआधीं ‘पंडित’ ही पदवी शोभूं शकते, हें त्या पिढीच्या कल्पनेंतच बसत नव्हतें, इतकेंच.

त्याला कारणहि होतें. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीनें वाजवावयाची ही गिटार आपल्याकडे आली ती मुळांत हवाई बेटांतून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील जोसेफ केकुकू नांवाच्या एका शाळकरी मुलानें लोखंडाचा तुकडा तारांवरून घसरवून पाहिला आणि या वादनाचा जन्म झाला, अशी सर्वत्र मान्य झालेली हकीकत आहे. 1915 च्या सान फ्रान्सिस्को येथील प्रदर्शनानंतर अमेरिकेला या गोड, लांबत जाणाऱ्या सुरांचें वेड लागलें. तेथून तें जगभर पसरलें. 1940 च्या दशकांत टाऊ मो हे हवाई वादक सहकुटुंब कलकत्त्यांत राहत होते, आणि त्या शहरांत या वाद्याला शागीर्दांची वाण पडली नाहीं. पुढें चित्रपटगीतांच्या चाली हवाई गिटारीवर वाजविण्याची चाल पडली. व्हॅन शिप्लेसारख्या कुशल वादकाच्या तबकड्या घरोघरीं वाजल्या. मला त्या आवडतात. त्यांत कमीपणा कांहीं नाहीं. परंतु त्यामुळें गिटार म्हणजे चहाच्या वेळचें वाद्य, असा एक समज मात्र पक्का होऊन बसला.

ब्रिजभूषण काब्रांचा जन्म 1937 सालीं जोधपूरला झाला. वडिलांना सतारीचा नाद होता आणि वडील बंधु दामोदरलाल सरोद शिकत होते. अशा घरांतल्या मुलानें कलकत्त्यांत ऐकलेल्या गिटारीचा हट्ट धरावा हें वडिलांना रुचलें नाहीं. अखेर त्यांनीं परवानगी दिली ती एका अटीवर: या वाद्यावर शास्त्रीय संगीताखेरीज दुसरें कांहीं वाजवावयाचें नाहीं. वडिलांच्या अटी बहुधा मुलाची वाट अडविण्यासाठीं असतात. या अटीनें मात्र एक वाट काढून दिली. वाद्य बदल, असें वडील म्हणाले नाहींत. वाद्याकडून मागावयाचें काय, तेवढें त्यांनीं ठरवून दिलें. गुरु लाभले ते उस्ताद अली अकबर खाँ, म्हणजे पुन्हा सरोदच. सरोदाला पडदे नसतात. डाव्या हाताचें बोट गुळगुळीत पट्टीवरून घसरत जातें आणि मींड तयार होते. गिटारीवर तेंच काम कांडीनें करावयाचें होतें.

त्यांची गिटार गिब्सन कंपनीची होती. जाझच्या वाद्यवृंदांत शोभावी अशी मोठ्या पोटाची, आणि त्या पोटावर व्हायोलिनला असतात तशीं दोन वळणदार छिद्रें. काब्रांनीं तिच्यांत फेरफार केला तो थोडा. मानेच्या टोकाची पट्टी उंच करून तारा वर उचलल्या, म्हणजे कांडी पडद्यांवर आपटूं नये. आणि चिकारीसारखी षड्ज धरून ठेवणारी तार जोडली. वाद्य मांडीवर आडवें, डाव्या हातांत कांडी, उजव्या बोटांत नख्या. अशा रीतीनें पाश्चात्त्यांनीं मोजून मापून बसविलेले सगळे पडदे जागच्या जागीं राहिले आणि निरुपयोगी झाले.

ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते. आपल्याकडे परकीय वाद्याविषयीं पुष्कळ वाद झाले आहेत. 1940 सालीं आकाशवाणीनें हार्मोनियमवर बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत पुरतेपणीं टिकली. आक्षेप असा कीं, पेटीचे स्वर ठोकून बसविलेले. तिच्यांतून मींड निघत नाहीं, श्रुति निघत नाहीं. आक्षेप अगदींच खोटा नव्हता. तरी ज्या महाराष्ट्रानें नाट्यसंगीत पेटीवर वाढविलें, त्यानें ती मनांतून कधींच हद्दपार केली नाहीं. गिटारीची गोष्ट नेमकी उलटी आहे. मींड हेंच तिच्या कांडीचें बळ. अहीर भैरवांतला कोमल ऋषभ एका जागीं खिळवून चालत नाहीं, त्याला झुलवावें लागतें. आणि झुलविणें म्हणजे तर या कांडीचा हातखंडा. शिवाय तारेवरून कांहीं तरी घसरविण्याची रीत आपल्याला नवी कोठें होती? विचित्रवीणा कांचेच्या गोळ्यानें वाजते, दक्षिणेंतलें गोट्टुवाद्यम् लांकडी दांडूनें. सात समुद्रांपलीकडून आलेली ही पाहुणी माजघरांतली रीत आधींच शिकून आली होती. आपण मात्र तिला ओसरीवरच बसवून चहा दिला.

कांडीची एक अडचणहि आहे, आणि काब्रांची खरी परीक्षा तेथें होते. ती घसरूं लागली म्हणजे थांबावयास तयार नसते. प्रत्येक स्वराला हुंदका देण्याचा मोह तिला होतो, आणि दोन मिनिटांत सारें वादन साखरेच्या पाकांत बुडतें. पडद्यांचा आधार नसल्यामुळें सूर केंसभर चुकला तरी लगेच उघडा पडतो. काब्रा कांडी सरकवितात, पण स्वर गांठल्यावर तिला उभी करतात. संतुराचे सूर तुषारांसारखे उडून विरतात, बासरी श्वास घेते. त्या दोहोंच्या मध्यें तार छेडल्यावर तो नाद लांबवर ओढून नेणारें एक तिसरें कोणी तरी आहे, हें ज्याच्या एकदां लक्षांत आलें त्याला ती तबकडी पुन्हा पहिल्यासारखी ऐकूं येत नाहीं.

आणि खरें पाहतां मैफलींत उपरें असें हें एकच वाद्य नव्हतें. संतूर काश्मीरच्या सूफियाना संगीतांतलें; रागसंगीताला तें चालणार नाहीं असें जाणकार सांगत. बासरीला मैफलींत आणलें तें पन्नालाल घोषांनीं, आणि त्यांना जाऊन तेव्हां सातच वर्षें झालीं होतीं. तिशीच्या आसपासच्या तीन तरुणांनीं तीन उपरीं वाद्यें हातांत घेऊन हा दिवस रंगविला. पुढें संतूर आणि बासरी घरचीं झालीं. ‘शिव-हरि’ अशी जोडी जमली, तिनें चित्रपटांना संगीत दिलें, आणि तिसरें नांव जोडींत मावलें नाहीं.

काब्रा 2018 सालीं निवर्तले. त्यांच्यापाशीं शिकलेले देबाशिष भट्टाचार्य आज जगभर वाजवितात. विश्वमोहन भट्ट यांनीं गिटारीला तरफांच्या तारा जोडून तिला मोहनवीणा असें नांव दिलें, आणि 1994 सालीं राय कूडर यांच्यासह त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळालें. काब्रांनीं आपल्या वाद्याला वीणा म्हटलें नाहीं. तबकड्यांवर तें शेवटपर्यंत गिटारच राहिलें.

गेल्या वर्षीं वर्गांत कांहीं मुलांना मीं ही ध्वनिमुद्रिका नांवें न सांगतां ऐकविली आणि मधलें वाद्य कोणतें तें विचारलें. एकानें सरोद सांगितलें, एका मुलीनें मोठ्या विश्वासानें वीणा. गिटार कोणीच म्हणालें नाहीं. मग मीं त्यांना काब्रांचें छायाचित्र दाखविलें. मागच्या बांकावरचा एक मुलगा, जो स्वतः गिटार वाजवितो, बराच वेळ त्या वाद्याच्या मानेकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘सर, यांनीं पडदे काढून कां नाहीं टाकले?’