बिनव्याजी कचेरीतला संगणक

आमच्या हिवरखेडात मगरिबच्या नमाजनंतर एका छोट्या खोलीत बिनव्याजी कर्जाची कचेरी उघडते. पेरणीच्या तोंडावर कुणाला बियाण्यासाठी, कुणाला लेकराच्या फीसाठी, कुणाला शिलाई मशीनसाठी कर्जे-हसना दिले जाते. जेवढे घेतले तेवढेच परत करायचे, वर एक रुपयाही नाही. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यापासून हिशेब मी लिहितो.

हिशेब आधी लाल वहीत होता, नंतर संगणकावर आला. संगणक कुणीतरी दिलेला, जुनाच; आत विंडोज 10. ही प्रणाली 2015 साली आली आणि 14 ऑक्टोबर 2025 रोजी मायक्रोसॉफ्टने तिची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती बंद केली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही. पण चोरवाटा सापडत राहणार आणि त्या बुजवायला कुणी येणार नाही, असा त्याचा अर्थ. मे 2017 मध्ये ‘वॉनाक्राय’ नावाच्या विषाणूने जगभरातल्या संगणकांतील फायलींना कुलूप लावून खंडणी मागितली होती. त्यावरची दुरुस्ती दोन महिने आधीच, मार्चमध्ये आली होती. ज्यांनी ती घेतली नव्हती ते सापडले. आमच्या फायलीत तर गरिबांची देणी-घेणी लिहिलेली.

दुरुस्ती करणाऱ्या मुलाला बोलावले. तो म्हणाला, “सर, विंडोज 11 ला आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 लागते. तुमची मशीन चौथ्या पिढीची आहे. पण काळजी करू नका, मी तपासणी चुकवून टाकून देतो. पाचशे रुपये. आधीची विंडोज पण तशीच टाकलेली आहे.”

“तशीच म्हणजे?”

“क्रॅकची. विकत कोण घेतो, सर?”

तो सहज बोलला, पण मी घरी आलो तो अस्वस्थ होऊन. ज्या कचेरीत आम्ही व्याजाचा पैसा शिरू देत नाही, चहाचा खर्चही वेगळा लिहितो, तिथला सगळा हिशेब दुसऱ्याचा माल न विचारता घेऊन चालला होता, आणि आम्हाला इतकी वर्षे त्याचे काही वाटले नव्हते. शिवाय अशी प्रत सुरू करताना बहुधा आधी विषाणूरोधक बंद करायला सांगतात. म्हणजे चोरीचे कुलूप बसवायला घराचे दार उघडे ठेवायचे.

नवा संगणक घ्यायचा तर तो कर्जाच्या रकमेतूनच. तेवढ्यात दोन बायांची शिलाई मशीन आली असती. चालता संगणक भंगारात टाकणे हाही इस्राफच. पुण्यात शिकणारा पुतण्या सुट्टीवर आला होता. तो म्हणाला, “चाचा, लिनक्स टाकू. ती प्रत घेण्याची, वाटण्याची परवानगी बनवणाऱ्यांनीच दिलेली आहे.” लिनक्सचा गाभा 1991 साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिहायला घेतला. पुढे देशोदेशीच्या लोकांनी तो वाढवला. मला ते जुन्या काळच्या वक्फ विहिरीसारखे वाटले. खोदणारा कुणीही असो, पाणी भरायला सर्वांना मुभा.

आधी फाइलच्या दोन प्रती दोन पेनड्राइव्हवर घेतल्या. एक कचेरीत, एक माझ्या घरी. प्रत्येक खात्याची शिल्लक कागदावर छापली. मग पेनड्राइव्हवरूनच लिनक्स मिंट चालवून पाहिले. त्याने आतले काही बदलत नाही. पडदा, छपाई, इंटरनेट ठीक दिसल्यावर जुनी हार्डडिस्क काढून कपाटात ठेवली, नवी एसएसडी बसवली आणि रॅम चारची आठ जीबी केली. खर्च नव्या संगणकाच्या मानाने किरकोळ. सुरू व्हायला पाच मिनिटे घेणारी मशीन आता सलाम-दुआ होईस्तोवर उघडते.

अडचण वेगळीच निघाली. एक्सेलची फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली, आकडे बरोबर, पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. आम्ही नावे जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केली होती. तो फॉन्ट नसेल तर अक्षरे ओळखू येत नाहीत. नावे युनिकोडमध्ये आणली. आता ती कुठल्याही संगणकावर, मोबाइलवर वाचता येतील. पण बदलताना जोडाक्षरे बिघडली. म्हणून लाल वही समोर घेऊन एकेक खाते मी हाताने ताडून पाहिले. आठ संध्याकाळी गेल्या.

सहाव्या संध्याकाळी एका खालाचे खाते आले. संगणकावर सहाशे रुपये बाकी, म्हणून आम्ही त्यांना पुन्हा कर्ज दिले नव्हते. वहीत तीन-तीनशेचे दोन हप्ते जमा होते, माझ्याच अक्षरात. संगणकावर चढवायचे मीच विसरलो होतो.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. माफी मागितली. त्या म्हणाल्या, “सर, मी तर दिले होते. पण तुमच्या मशीनमध्ये नाही म्हटल्यावर मी काय बोलणार?”

दिव्य कुरआनातील सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीच्या लिखापढीविषयी आहे, हे मी किती वर्षे लोकांना सांगत आलो. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, ही तिची ताकीद. कर्ज घेणाऱ्याने बुडवू नये म्हणून लिहायचे असते, असेच मी समजत होतो. लिहिणाऱ्याच्या हातून घेणारा बुडू नये, हेही त्यातच आले, ते त्या ओट्यावर बसून कळले.

ज्यांना टॅलीसारखी विंडोजवरचीच कामे आहेत त्यांनी विंडोज जरूर घ्यावी, पण रीतसर. आमच्या कचेरीला लिनक्स पुरते. आता दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला फाइलची प्रत निघते आणि प्रत्येक कर्जदाराला त्याच्या खात्याचा छापील उतारा मिळतो. खाला तो डोळ्यांजवळ धरून नातीकडून वाचून घेतात. मागच्या महिन्यात त्यांना पिको-फॉलच्या मशीनसाठी कर्ज दिले. पहिला हप्ता आला तेव्हा मी त्यांच्या समोरच टाइप केला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.