संक्रांतीच्या दुपारी होनोलुलू

एल्विस प्रेस्लीचा होनोलुलूचा कार्यक्रम शंभर कोटी लोकांनी पाहिला, असं जिथं तिथं छापून येतं. मला तो आकडा कधीच पटला नाही. १४ जानेवारी १९७३ ला कार्यक्रम थेट दिसला जपान, कोरिया, फिलिपिन्स, ऑस्ट्रेलिया अशा पॅसिफिकच्या कडेच्या देशांत. चीनमध्ये नाही, भारतात नाही, आणि गंमत म्हणजे खुद्द अमेरिकेच्या मुख्य भूमीवरही नाही. तिथं त्याच दिवशी सुपर बोलचा सामना होता. अमेरिकनांना हा कार्यक्रम एनबीसीवर एप्रिलमध्ये बघायला मिळाला. मग उरलेल्या देशांतून शंभर कोटी माणसं आणायची कुठून?

आकडे फुगवण्यात त्याचे मॅनेजर कर्नल पार्कर पटाईत होते. हे गृहस्थ धड कर्नलही नव्हते, ती पदवी शोभेची. जन्मानं डच, अमेरिकेत कागदपत्रांविना राहिलेले. देश सोडला तर परत येऊ देतील की नाही या धास्तीनं त्यांनी एल्विसला परदेशी जाऊ दिलं नाही, असं मानलं जातं. १९५७ मधले कॅनडातले मोजके कार्यक्रम सोडले तर तो अमेरिकेबाहेर कधी गायलाच नाही. लंडनवाले, टोकियोवाले वाट बघत राहिले. गवयाला गावोगावी नेता येत नसेल, तर गाणंच उपग्रहावरून पाठवा, असा तो हिशेब होता.

हे सगळं मला फार पुढं समजलं. त्या वेळी मी गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गच्चीवर होतो. कार्यक्रम सुरू झाला हवाईतल्या मध्यरात्री साडेबाराला, म्हणजे आपल्याकडे दुपारी चारला. रविवार होता आणि संक्रांतही. मुंबई दूरदर्शन सुरू होऊन जेमतेम साडेतीन महिने झाले होते. तिकडे एल्विस गात असताना इकडे आम्ही मांज्यानं हात कापून घेत होतो, हे पुढे कधीतरी घड्याळांचा हिशेब मांडताना लक्षात आलं आणि उगाचच आनंद झाला.

गाणं आधी कानावर पडलं ते धोबीतलावच्या एका गोवेकर सॅक्सोफोनवाल्या अंकलकडे. दिवसा ते सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे, रात्री हॉटेलात वाजवायचे. बोटीवरच्या भावानं त्यांना त्या कार्यक्रमाचा दोन तबकड्यांचा संच आणून दिला होता. कव्हरवर उपग्रह. अंकल मला समोर बसवायचे आणि म्हणायचे, "आयक रे बाबा, गाणाऱ्याला सोड, मागची माणसं आयक." मागं जेम्स बर्टनची गिटार होती, रॉनी टटचे ड्रम, स्त्रियांचा कोरस, पुरुषांचं चौकडीगायन आणि वर पूर्ण ऑर्केस्ट्रा. एवढा लवाजमा असूनही कुणी कुणाच्या पायात येत नाही, हे मला अंकलनं ऐकायला शिकवलं. एल्विसबद्दल ते फारसं बोलत नसत. वाजवणाऱ्यांना गाणाऱ्यांबद्दल असतो तसा थोडा आकस त्यांनाही होता.

कार्यक्रम प्रत्यक्ष पाहिला तो ऐंशीच्या दशकात. व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्यानं आणायची पद्धत होती. दोन हिंदी सिनेमे आणि ही कॅसेट. हिंदी सिनेमे संपेस्तोवर पहाटेचे तीन वाजले, निम्मी चाळ झोपली, आणि माझ्याबरोबर फक्त वडील उरले. ते सवाई गंधर्वला रात्रभर बसणारे गृहस्थ. भीमसेनांखेरीज कुणाला दाद देताना मी त्यांना क्वचितच पाहिलं होतं.

पडद्यावर पांढऱ्या पोशाखातला अडतीस वर्षांचा माणूस आला. छातीवर खड्यांचा गरुड, खांद्यावर झूल. त्याचे पोशाख बेतणाऱ्या बिल बेल्यूनं आधी जमिनीपर्यंत लोळणारी झूल शिवली होती. ती इतकी जड झाली, की बेतून आखूड करावी लागली. वडिलांनी पहिला प्रश्न विचारला तो रुमालांबद्दल. "हा घाम पुसलेले रुमाल त्या बायकांना का वाटतोय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण हँक विल्यम्सचं ते एकाकीपणाचं गाणं आलं तेव्हा वडील सावरून बसले. आपण ऐकलेलं बहुधा सर्वांत दुःखी गाणं, अशी ओळख करून देऊन एल्विस ते अगदी साधं गातो. हातवारे नाहीत. स्वर खाली सोडायचा आणि खालीच थांबू द्यायचा. वडील म्हणाले, "खर्ज आहे याच्याकडे. उगीच ओरडत होता मघापासून." पुढं 'अमेरिकन ट्रिलॉजी'मध्ये बासरी वाजते आणि तो नुसता उभा राहतो. हजारो माणसं समोर, कॅमेरे रोखलेले, अर्धं जग बघतंय असं सांगून ठेवलेलं, आणि हा बासरीवाल्याचं संपण्याची वाट बघतोय. वडिलांनी मान हलवली. मैफलीतला माणूस तिथं ओळखला गेला.

जाणकार सांगतात की दोन दिवस आधी, १२ जानेवारीला, त्याच सभागृहात प्रेक्षकांपुढं झालेली रंगीत तालीम जास्त मोकळी आहे. ती १९८८ मध्ये स्वतंत्र अल्बम म्हणून निघाली. मी दोन्ही ऐकल्यात. तालमीत तो हसतो, खेळतो. १४ तारखेला जरा ताठरलेला वाटतो. मला मात्र १४ तारीखच हवी. थेट प्रक्षेपणात चुकलं तर चुकलं. त्या भीतीनं आलेली एक धार त्या गाण्याला आहे, आणि ती तालमीत नाही. १९६८ च्या काळ्या चामड्याच्या कपड्यातल्या टीव्ही कार्यक्रमात तो जास्त चपळ आहे, हे खरं. पण तो कार्यक्रम आधी चित्रित करून, कापून-जोडून दाखवलेला. इथं जोडणारा कुणी नव्हता.

आणखी एक गोष्ट मला या कार्यक्रमात आवडते. तिकिटाला ठरीव किंमत नव्हती, ऐपतीप्रमाणे द्या. पैसे कुई ली या हवाईतल्या गीतकाराच्या नावच्या कर्करोग निधीला जायचे. ली १९६६ मध्ये त्याच रोगानं गेला होता, आणि एल्विसनं त्या रात्री त्याचं एक गाणंही म्हटलं. पंचवीस हजार डॉलर जमावेत अशी अपेक्षा होती, जमले पंचाहत्तर हजार. शंभर कोटींच्या आकड्यापेक्षा हा आकडा मला जास्त खरा वाटतो.

प्रेक्षक गेल्यावर त्याच रात्री रिकाम्या सभागृहात त्यानं अमेरिकी आवृत्तीसाठी आणखी काही गाणी गायली. माझ्या मते ती निव्वळ भरताड. माझ्या मुलीला नेमकी तीच आवडतात. तिचं म्हणणं, लोक नसताना तो रुमाल वाटत नाही, नुसता गातो. मी तिला सांगतो, तुझ्या आजोबांनाही रुमालच खटकले होते. ती म्हणते, मग आजोबांना ती गाणी तुम्ही दाखवलीत का? कॅसेट सकाळी आठच्या आत दुकानात परत करायची होती, असं मी सांगतो, आणि ते अगदी खरं आहे.